मानसशास्त्रात एमएनंतर पीएचडी: फेलोशिप कुठून मिळते, कधी मिळते, कुठे अडकते?

कोरा_कागद
पुण्यात एमए मानसशास्त्र भाग दोन चालू आहे. पुढे पीएचडीचा विचार पक्का आहे, क्लिनिकलकडेही ओढा आहे. पाच वर्षं घरच्यांवर भार टाकता येणार नाही. जेआरएफखेरीज (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) काय काय मिळू शकतं आणि तयारी कधीपासून लागते? ओबीसी आहे, नॉन-क्रीमी लेयर दाखला काढलेला आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

शिरीष_वृक्ष
जेआरएफ बाजूला ठेवून विचार करू नका. रक्कम आणि मुदत दोन्हींत तिच्या तोडीचं फारसं काही नाही. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं, शहराच्या वर्गाप्रमाणे. सामाजिक शास्त्रांना कंटिन्जन्सी (संशोधनाचा किरकोळ खर्च) पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० वार्षिक.

जेआरएफ ज्या परीक्षेतून मिळते ती नेट वर्षातून दोनदा होते, मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४. भाग दोनला असतानाच बसता येतं, त्यामुळे येणारी पहिली संधी सोडू नका. सलग तीन तासांत दोन्ही पेपर: पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे. ओबीसींना आणि सर्व प्रवर्गांतल्या महिलांना पाच वर्षांची सवलत.

आता तुमच्या दाखल्याबद्दल. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून आपण सहसा काढतो तो राज्याच्या नमुन्यातला असतो. नेटला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. फॉर्म भरताना कोणी तपासत नाही; फेलोशिप सुरू करताना तपासतात आणि तिथेच प्रकरण अडतं. मराठा समाजातल्या ज्यांच्याकडे फक्त राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) दाखला आहे, त्यांना तो नेटला चालत नाही. पात्र असल्यास ते ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतात, पण त्यात वयाची सवलत नसते आणि एमएला ५५ टक्केच लागतात.

निकालाइतकाच महत्त्वाचा आहे गाइड. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. हव्या त्या विषयात जागाच रिकामी नाही म्हणून त्यातलं दीड वर्ष सहज जातं. कोणाचे विद्यार्थी केव्हा प्रबंध सादर करणार आहेत याची विभागात आत्ताच चौकशी करून ठेवा.

ओवी_अक्षर
जेआरएफ न मिळाल्यास किंवा मिळेपर्यंत:

राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेची महात्मा जोतिबा फुले संशोधन फेलोशिप तुमच्या प्रवर्गासाठी आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी अशीच फेलोशिप देतात. पीएचडीची नोंदणी झालेली असावी लागते. जाहिरातीला ठरलेला महिना नाही, त्यामुळे सारांशिका (संशोधनाचा आराखडा) मंजुरीचं पत्र, जातवैधता आणि चालू वर्षाचा नॉन-क्रीमी लेयर तयार फाइलमध्ये हवेत. जातवैधता जाहिरात आल्यावर काढायला घेतली तर वेळेत मिळत नाही.

आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप दरमहा २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी, दोन वर्षं. रक्कम कमी, पण मानसशास्त्राचे अर्ज थेट बसतात. यात संशोधन आराखड्याला महत्त्व आहे: नमुना कुठून घेणार, कोणती चाचणी वापरणार, तिचं मराठी रूपांतर प्रमाणित आहे का, हे नेमकं लिहा.

मुलगी असाल आणि भावंड नसेल तर सावित्रीबाई जोतीराव फुले सिंगल गर्ल चाइल्ड फेलोशिप जरूर पाहा. नेटची अट नाही आणि रक्कम जेआरएफएवढी. भाऊ असेल तर मिळत नाही.

तुम्ही भाग दोनला असल्यामुळे एक संधी हुकली आहे, पण ज्युनिअर वाचत असतील म्हणून सांगते: एमएच्या पहिल्या वर्षाला यूजीसीच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, महिना १५,०००, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं. बाहेरगावाहून आलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० मिळतात. ओबीसींसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे, पण त्यातून मेसचा खर्च निघतो, त्यापलीकडे धरू नका.

एकाच वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. मोठी मिळाली तर आधीची लेखी सोडा, नाहीतर वसुली निघते.

टाचणवही
पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत, त्याची दोनच कारणं जवळजवळ नेहमी असतात.

जेआरएफमध्ये दरमहा विद्यापीठातला एक कर्मचारी पोर्टलवर तुमची हजेरी नोंदवतो आणि दुसरा अधिकारी ती मंजूर करतो. पहिल्याला मेकर म्हणतात, दुसऱ्याला चेकर. चेकर रजेवर गेला की नोंद तशीच पडून राहते आणि त्या महिन्याचे पैसे थांबतात. रुजू झाल्याच्या आठवड्यातच या दोघांची नावं माहीत करून घ्या. गाइडच्या सहीचं हजेरीपत्रक महिना संपताच त्यांच्या टेबलावर पोचवा आणि दोन दिवसांनी मंजुरी झाली का ते विचारा.

दुसरं कारण आधारचं. बँकेत आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत ते खातं असणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारमागे एकच बँक असते, शेवटी संमती दिलेली. मोबाइलवर झटपट नवं खातं उघडताना एका टिकमुळे नोंद तिकडे सरकते आणि महाडीबीटीची (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) रक्कम तुम्ही वापरतच नसलेल्या खात्यात पडते. अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा.

मानसशास्त्रवाल्यांसाठी आणखी एक. पहिल्या वर्षाची १०,००० कंटिन्जन्सी एका परदेशी चाचणीच्या उत्तरपत्रिकांतच संपू शकते. विभागाच्या प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या मॅन्युअलसह आहेत ते बघूनच साधनं ठरवा. बिल त्याच आर्थिक वर्षातलं असू द्या.

शिरीष_वृक्ष
क्लिनिकलचं राहिलं. एम.फिल. क्लिनिकलला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत वाढवली होती. त्यामुळे पुढच्या प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचं नाव आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता दोन्ही त्या वर्षासाठी तपासा. निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत विद्यावेतन असतं, खासगी ठिकाणी बहुधा उलट तुम्हालाच मोठं शुल्क भरावं लागतं. प्रशिक्षण पूर्णवेळ रुग्णालयात, सोबत नोकरी जमत नाही.

कोरा_कागद
खूप आभार सगळ्यांचे. केंद्राच्या नमुन्यातला दाखला याच आठवड्यात काढायला टाकते. एकच शंका: समुपदेशकाची नोकरी सांभाळून पीएचडी केली तर फेलोशिप मिळेल का?

ओवी_अक्षर
नाही. अर्धवेळ पीएचडी २०२२ च्या नियमांत आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र द्यावं लागतं. पण वर लिहिलेल्या पीएचडीच्या फेलोशिप पूर्णवेळ नोंदणीवरच मिळतात. नोकरी चालू ठेवायची असेल तर ती नेटच्या निकालापर्यंत ठेवा, आणि रुजू होताना आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र घ्यायला विसरू नका. रुजू अहवालासोबत ते मागतात.