‘भायल्यांचे लाड’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्याबरोबर यावं

बाराखडी
परवा ‘तिसवाडीचा पूत’ यांनी लिहिलं, “या समाजकार्यवाल्या बाया भायल्यांना, परप्रांतीयांना, गोव्याचं रेशनकार्ड काढून देतात, दयानंदचे पैसे मिळवून देतात, आणि आम्ही गोंयकार रांगेत उभे.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या बायांपैकी एक. वास्कोजवळच्या झुआरीनगरात एका संस्थेत नऊ वर्षं केसवर्कर आहे. दोन दिवस गप्प बसले, आज नाही बसवत.

म्हाताऱ्यांना-निराधारांना महिन्याला पैसे देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा काय किंवा गृहिणींची गृह आधार काय, सरकारच्या दोन्ही योजनांना १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. माझ्याकडे येणारं कुटुंब दोन पावसाळे एका खोलीत टिकलं तर मी देवाला नारळ ठेवते. पंधरा वर्षं कुठली काढता? रेशनकार्ड त्यांचं गदगचं नाहीतर विजापूरचं, ते तिथलंच राहतं. जानेवारी २०२० पासून गोवा ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये आहे. त्यामुळे तिकडच्या कार्डावरचं माणशी ५ किलो धान्य इथल्या दुकानात उचलता येतं, एवढंच. तुमच्या कार्डातला दाणा हलत नाही.

तेही उचलता आलं तर. गेल्या महिन्यात गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका बाईबरोबर दुकानात गेले होते. अंगठा मशीनवर, लाल दिवा. पदराला पुसून परत, लाल. सिमेंट कालवून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. दुकानदार म्हणाला, “बाय, हात धुऊन, खोबरेल लावून ये.” ती समोरच्या गाड्यावरून तेल मागून आली. उजव्या हाताची पाची बोटं झाली, डाव्याची चार झाली. शेवटी डावी करंगळी लागली. सव्वा तास गेला, तिची अर्धी हजेरी बुडाली. माझं काम हे. करंगळी शोधणं. लाड म्हणा हवं तर.

तिसवाडीचा पूत
करंगळीची गोष्ट छान रंगवलीत. आता माझी ऐका. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं, आज किती ते देवाला ठाऊक. आमच्या वाड्यामागच्या डोंगरावर, कोमुनिदादच्या म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीवर, चतुर्थीच्या सुट्टीत पत्र्याच्या चार खोल्या उभ्या राहिल्या. पुढच्या चतुर्थीला चौदा होत्या. मग घर नंबर आला, मग वीज, मग पंचाचा वाढदिवसाचा फलक. माझ्या नळाला पहाटे वीस मिनिटं पाणी येतं, आई चार वाजता उठून कळशा लावते. वय ७४. तिची करंगळी कोण शोधणार, बाय?

तुम्ही वाईट आहात असं माझं म्हणणं नाही. एकाला कागद करून दिला की मागून दहा येतात, एवढंच म्हणतो.

म्हापशेंचो शुक्रवार
त्या चौदा खोल्या परप्रांतीयांनी बांधल्या की पंचाच्या मेव्हण्याने? नाव लिहू नका, पण सांगा.

माझा सख्खा मामा. घरामागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, बारा खोल्या, संडास दोन, दर खोलीला साडेचार हजार, पावती नाही. दिवसभर दारापुढच्या बाल्कांवांत बसून “घाट्यांनी गोंय खाल्लं.” एक तारखेला संध्याकाळी हाच माणूस वही घेऊन दारोदार. तेव्हा घाटी गोड. पोलिसांत भाडेकरूचा फॉर्म द्यायचा असतो मालकाने, मामाने आजवर एक दिलेला नाही. फॉर्म दिला की भाडं दिसतं, आणि भाडं दिसलं की उद्या कोणी हिशेब मागतो ना!

तिसवाडीचा पूत
मेव्हणा नाही, चुलतभाऊ. पण मुद्दा तो नव्हे.

बाराखडी
मुद्दा तोच आहे बाब. राहण्याचा पुरावा नाही म्हणून आधारवरचा पत्ता बदलत नाही, बँकेचं खातं अडतं, गॅस काळ्या बाजारातून. मालकाने एक सही दिली असती तर माझी निम्मी कामं उरलीच नसती.

आणि शाळा! बदामीकडून आलेला नऊ वर्षांचा मुलगा, दाखला तिकडेच राहिला. मुख्याध्यापक म्हणतात दाखला आणा, मग बघू. शिक्षण हक्क कायदा, आरटीई २००९, याचं कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश रखडवता येत नाही. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. मी कायद्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन हिंडते. कायदा दाखवला की म्हणतात, “ते बरं आहे हो, पण वर्गात बाकं कुठायत?”

निवृत्त मास्तर
शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. बाकं नाहीत म्हणणारा मुख्याध्यापक कुठल्या माध्यमाचा? मराठीचा नक्कीच नसणार. आमच्याकडे बाकंच बाकं! ३१ वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळांत काढली. शेवटच्या वर्षी पटावर १४ मुलं, त्यातली ११ लमाण्यांची आणि बिहाऱ्यांची. गावातल्या देसायांची, नायकांची, गावकारांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजीत. ज्या दिवशी ती अकरा मुलं दुसऱ्या साइटवर जातील, त्या दिवशी शाळेला कुलूप. मराठी राजभाषा व्हावी म्हणून गळा सुकवणाऱ्यांनो, तुमची मराठी आज हुबळीच्या पोरांनी धरून ठेवली आहे. त्यातल्या एकीने बालदिनाला माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारात मनाचे श्लोक म्हटले.

२०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं तिथे हा घात झाला.

खाण बंद
मास्तर, तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली?

निवृत्त मास्तर
थोरला मराठीत. धाकटी इंग्रजीत. सौभाग्यवतींचा हट्ट.

खाण बंद
😂 हट्ट! आमच्या घरीही हट्टच होता. २०१२ ला ज्या भाजपवाल्यांना डोक्यावर घेऊन नाचलात त्यांनी ते अनुदान बंद केलं का? मातृभाषेतल्या शाळांसाठी लढणाऱ्या भाषा सुरक्षा मंचाच्या वादात २०१६ मध्ये गोव्यातला संघच फुटला. मग मराठीच्या नावाने गळे काढायचे कशाला?

निवृत्त मास्तर
मी कोणाला नाचवलं नाही. त्या आंदोलनात पणजीला उन्हात बसलो होतो, बीपीची गोळी खिशात घेऊन. तुम्ही तेव्हा ट्रक मोजत होता.

खाण बंद
मोजत होतो! तीन ट्रक, कर्जाचे. मार्च २०१८ ला खाणी थांबल्या, दोन विकले, एक दारात गंजतोय. आमच्यासाठी आली का कुठली केसवर्कर? डिचोलीत कोणी माझी करंगळी शोधली नाही.

बाराखडी
कोणी आलं नाही हे खरं. यायला हवं होतं.

खाण बंद
एवढं पटकन मान्य केलंत की भांडायची मजाच गेली.

दर्यावर्दी
मास्तर आणि ट्रकवाले, तुमचं झालं असेल तर एक सांगतो. १९९० ला बाबा कुवेतमध्ये होते. पासपोर्ट मालकाकडे, मालक पळालेला. बसने वाळवंट तुडवत जॉर्डनला पोचले, अंगावरच्या कपड्यांनिशी. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तेव्हा अम्मानहून विमानांनी आणले. तिथल्या तंबूत एका बाईने त्यांचा फॉर्म भरला. बाबांना हात थरथरत असल्यामुळे लिहिता येत नव्हतं. बाई कुठल्या देशाची, तेही बाबा विसरले. चष्म्याला दोरी होती, आणि “बोर्डा, मडगाव” तिने तीनदा विचारून बरोबर लिहिलं, एवढं मरेपर्यंत सांगायचे. कोणीतरी लिहून घेणारा लागतो, पूतबाब.

तिसवाडीचा पूत
बाबांना नमस्कार. पण ते आपल्या घरी परतले. कुवेतचं रेशन मागितलं नाही.

दर्यावर्दी
आणि आजोबा? मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात, ट्रंकेवर ट्रंक ठेवून राहिले, जहाजावर काम मिळेपर्यंत. गावागावांच्या कुडी होत्या तिथे. मुंबईकराने “गोंयकार परत जा” म्हटलं असतं तर?

तिसवाडीचा पूत
कुडीचं भाडं भरत होते. डोंगर कापला नाही. परप्रांतीय हा शब्द आला की तुम्हा लोकांना लगेच कूड आठवते, आखात आठवतं, पोर्तुगीज पासपोर्ट आठवतो. आईच्या कळशीबद्दल कोणीच बोलत नाही.

म्हापशेंचो शुक्रवार
कळशी रिकामी राहते त्याला वरच्या रिसॉर्टचा पोहण्याचा तलावही कारण असेल. तिथे कोणी लमाणी पोहत नाही.

तिसवाडीचा पूत
त्यावर मी पंचायतीत तीन अर्ज दिलेत, प्रती आहेत. मला शिकवू नका.

बाराखडी
तलावावर तीन अर्ज देणाऱ्या माणसाशी माझं भांडण कसलं? खोटे कागद मागणारेही येतात माझ्याकडे, नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी एकाने दोन हजार टेबलावर ठेवले, पत्त्याचा दाखला ‘करून’ द्या म्हणून. हाकलला. मतदार यादीच्या कामात मी पडतच नाही, त्यासाठी पंच समर्थ आहेत.

पण बांधकाम मजुरांचं घ्या. १९९६ च्या कायद्याने त्यांचं कल्याण मंडळ आलं, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर त्यासाठीच घेतात. नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देत नाही. पैसा मंडळाकडे पडून, मजूर मचाणावर. पडला तर आम्हाला फोन, इस्पितळात नाव काय लिहायचं विचारायला. कारण मुकादमाला फक्त ‘राजू’ माहीत असतो.

तिसवाडीचा पूत
करंगळीचं मान्य. भाड्याच्या पावतीचंही, चला, मान्य. बाकी काहीच नाही.

आमच्याच घरावर मजला चढतोय. तुमचं वाचून सकाळी मुकादमाला विचारलं, पोरांची मंडळाची कार्डं आहेत का. हसला.

बाराखडी
किती दिवस झाले कामाला?

तिसवाडीचा पूत
पाच महिने. तीच चार माणसं.

बाराखडी
मग ९० कधीच झाले. दाखल्याचा कागद मी आणून देते, मुकादमाला सांगून सही करून घ्या. खरी नावं मात्र विचारा, राजू नको.

निवृत्त मास्तर
त्यांची मुलं असतील तर माझ्या जुन्या शाळेत पाठवा. पट ९ वर आलाय.

तिसवाडीचा पूत
मास्तर, थांबा जरा. बाय, आणा कागद. पण दुपारी आणा. पहाटे आम्ही नळावर असतो, आणि आज तो वीस मिनिटंसुद्धा आला नाही.