जुन्या मारुती 800 ला मागील विंग : कोन किती ठेवावा आणि आधार कुठे द्यावा?

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नमस्कार. आम्ही चार मित्र मिळून एक जुनी मारुती 800 हौशी शर्यतीसाठी तयार करीत आहोत आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ती चालवून पाहण्याची आमची फार इच्छा आहे. वेगात वळताना गाडीचे तोंड वळणाबाहेर ओढले जाते, म्हणून आम्ही 1.2 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद अशी अॅल्युमिनियमची विंग (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे उलटे पंख) बनवून डिकीच्या दारावर मागच्या काचेच्या उंचीला बसवली. खासगी मोकळ्या जागेत चाचणी घेतली तेव्हा बोल्टांभोवतीचा पत्रा लाटेसारखा दबला आणि विंगचा एक पाय सैल झाला. विंगचा हवेशी कोन किती अंश ठेवावा आणि आधार कसा द्यावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (होटगी रस्ता, सोलापूर)

कोनाचा विचार करण्याआधी मुळात दाब किती मिळतो, ते पाहावे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोलापूरच्या 42 अंशांच्या उन्हात हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.06 किलो, म्हणजे 15 अंश तापमानाच्या समुद्रसपाटीवरील हवेपेक्षा साधारण 13 टक्क्यांनी कमी भरते. आपल्या विंगचे क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर आहे. तिचा उत्थापन गुणांक (विंग हवेतून किती दाब मिळवते ते सांगणारा आकडा) 1 धरला, तर ताशी 100 किलोमीटर वेगाला सुमारे साडेबारा किलो वजनाइतका दाब मिळेल, ताशी 60 ला मात्र जेमतेम साडेचार किलो.

आता खरी अडचण सांगतो. आपल्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि विंग मागच्या आसाच्याही मागे आहे. ते अंतर अर्धा मीटर धरले आणि दोन्ही आसांमधील 2.175 मीटर अंतराशी त्याचे गुणोत्तर काढले, तर त्या साडेबारा किलोंमुळे मागच्या चाकांवर सुमारे 15.4 किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा सुमारे 2.9 किलो उचलला जातो. उंचावर असलेल्या विंगला हवेचा जो विरोध होतो, तोही पुढचा भाग आणखी हलका करतो. म्हणजे ज्या दोषावर उपाय म्हणून आपण विंग लावली, तोच दोष तिच्यामुळे वाढणार आहे. तेव्हा आधी पुढच्या बंपरखाली हवा अडवणारी पट्टी आणि जमिनीला समांतर स्प्लिटर (बंपरपुढे निघालेली सपाट फळी) बसवावा, विंगचे नंतर पाहावे.

शिवाय काचेच्या उंचीवरची विंग छपरामागच्या घुसळलेल्या हवेत अडकते. विंगच्या खालच्या बाजूला चार-चार बोटे लांबीचे सुताचे तुकडे चिकटवा आणि मागून येणाऱ्या गाडीतून फोनवर चित्रण करा. सोलापुरात सुताची वानवा नाही. सूत पृष्ठभागाला चिकटून सरळ मागे राहिले तर प्रवाह नीट आहे. ते फडफडले किंवा उलट फिरले तर प्रवाह सुटला आहे, असे समजावे.

उत्तर 2 (चिंचोळी एमआयडीसी)

मी फॅब्रिकेशनचे काम करतो, त्यामुळे आधाराबद्दल लिहितो. डिकीचा पत्रा भार घेण्यासाठी नसतोच. पाय थेट बॉडीच्या मजबूत भागापर्यंत न्यावेत, प्रत्येक बोल्टाखाली आतून रुंद पट्टी द्यावी आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असल्याने सैल न होणारे नट) वापरावेत. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण 4 मे 1969 रोजी स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंग भरवेगात मोडल्या आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्यानंतर त्याच महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीवेळी उंच विंगांवर बंदी आली.

ताशी 140 ला आपल्या विंगवर सुमारे 25 किलो भार येईल. त्याच्या तिप्पट भार उभ्या गाडीवर देऊन पाहावा : ज्वारीची 25 किलोंची तीन पोती विंगवर समान अंतरावर आडवी टाकून अर्धा तास ठेवावीत, मग पायाशी खडूने मारलेल्या रेषा सरकल्या का ते पाहावे. मागे ओढणाऱ्या बलासाठी दोरी बांधून तशीच परीक्षा घ्यावी.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचे मनापासून आभार. पुढे पट्टी बसवली आणि सुताची चाचणीही घेतली. काचेच्या उंचीवर मधले सारे तुकडे वेडेवाकडे फिरत होते. विंग छपरापेक्षा एक वीत वर नेली, पाय बॉडीला जोडले आणि पोत्यांची परीक्षा पार पडली. आता 8 अंशांवर सूत शांत राहते. 12 अंशांवर मात्र मधले तुकडे उलटतात आणि कडेचे तसेच सरळ राहतात. असे का व्हावे?

उत्तर 1

छपरावरून येणारी हवा मध्यभागी खाली झुकते, त्यामुळे तेथे विंगला खरा कोन आपण लावलेल्या कोनापेक्षा जास्त मिळतो आणि प्रवाह आधी सुटतो. तूर्त 8 अंशांवरच थांबावे. दाब वाढवायचाच झाला, तर मागच्या कडेला वरच्या बाजूने 5 मिलिमीटर उंचीची काटकोनी पट्टी लावावी. अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी 1971 मध्ये वापरात आणलेली युक्ती ती हीच. पट्टी लावल्यावर सुताची चाचणी पुन्हा घ्या आणि पुढची चाके वळणावर कशी वागतात, ते येथे अवश्य कळवा.