अनुभव धागा: माळकरी, रानवेडे आजोबा आणि त्यांची कामं

गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडी आणि सारा दिवस रानात असा एक आबा सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत होऊन गेला. "फार देवभोळे होते, फार कष्टाळू होते" हे तेराव्याला बोलून झालेलंच असतं, ते इथं नको. आबा काय करायचे, किती, कधी आणि चुकलं तर काय बिघडायचं, ते आधी आपलं गाव टाकून लिहा. आपल्या लहानपणाच्या गोष्टी बाजूला ठेवू.

मंगळवेढा

आमच्याकडं सुरुवात पेरणीपासूनच होणार. बियाणं मालदांडी ज्वारीचं, एकरी ४ किलो. काणी, म्हणजे कणसावरचा बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. वेळ मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. त्याआधी घाई केली तर खोडमाशीची अळी पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, खाते. उशीर केला तर कणीस भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. बैल जुंपायच्या आधी चाड्याला, म्हणजे पाभरीवर बी सोडायच्या वाटीला, हळदकुंकू, नारळ आणि "पुंडलिक वरदा". मग मूठ. दोन ओळींत दीड फूट अंतर, बी दोन इंच खोल. मुठीतून बी सारखं सुटलं पाहिजे. हात थांबला की तिथं नांगी, म्हणजे ओळीत रिकामी जागा, पडते, आणि ती मागाहून बी टाकूनही पूर्ण भरत नाही.

खरं कसब पुढच्या कोळपण्यांत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं फिरवण्यात. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात. तिसऱ्या कोळपणीपर्यंत तण फारसं नसतंच, म्हणून नवी पोरं ती टाळतात. पण ती तणासाठी नाहीच. काळं रान तोवर भेगाळलेलं असतं आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळप्यानं माती भेगांत ढकलायची. बिनपाण्याच्या ज्वारीला हेच पाणी.

नान्नज

वरच्यात भर घालतो. आमच्या भागात काळविटं. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं, पण हरणं रानात त्याच्या कितीतरी आधीपासून. आबा लोक त्यांना दगड मारायचे नाहीत, "त्यांचाही वाटा" म्हणायचे. तरी कडेनं करडईच्या चार-सहा ओळी टाकायला विसरायचे नाहीत! करडईला काटे पुढं येतात, कोवळेपणी ती भाजीच असते. त्यामुळं ती मुख्य पिकाबरोबरच पेरावी लागते. मागाहून पेरली तर कुंपण व्हायच्या आधीच जनावर तिच्यासकट सगळं खातं. आणखी एक, माळावर गवतात चालताना नजर खाली. टिटवी, माळढोक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात.

मोहोळ

हुरडा. कणीस नखानं दाबायचं. दूध उडालं तर कोवळं, दाणा टणक लागला तर वेळ गेली, पिठासारखं मऊ निघालं की काढायचं. मालदांडी भाकरीची, हुरड्याला गूळभेंडी किंवा कुचकुची लावलेली बरी. दाणा गोड असतो आणि तूस लवकर सोडतो. कणसं काढली त्याच दिवशी भाजायची, शिळ्यात गोडी राहत नाही. आगटीत शेणाच्या गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा. जाळ असताना कणीस घातलं की वरून करपतं, आत कच्चं. गरम असतानाच हातावर चोळायचं, गार झालं की दाणा तुसाला चिकटतो. पहिली मूठ आगटीपाशी देवाच्या नावानं ठेवायची.

अक्कलकोट

वेळ अमावस्या कुणी कशी लिहिली नाही? मार्गशीर्ष अमावस्या. रानात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात कालवून आंबायला ठेवायचं, ती आंबील. सोबत भज्जी, म्हणजे भाज्या-कडधान्यांची मिसळ भाजी, आणि बाजरीचे उंडे. पूजा झाल्यावर आंबील शिंपडत रानाला फेरी. लोकांना ती नुसती रीत वाटते. पण त्या फेरीत आबा पानं उलटून मावा कीड बघायचे, बांध कुठं फुटलाय, घूस कुठं लागलीय ते बघायचे.

पंढरपूर रस्ता

भजनातला पखवाज. डाव्या तोंडाला कणकेचा लेप लागतो, त्यानं आवाज भारी होतो. कणीक घट्ट मळायची. सैल असली तर ताल धरताच उडते आणि शेजारच्या टाळकऱ्याच्या सदऱ्यावर बसते. वाळत गेली की स्वर चढतो, म्हणून मधे ओला हात फिरवायचा. भजन संपलं की लगेच खरवडून काढायची. राहिली तर कातडं तडकतं, आणि उंदीर वेगळे. आषाढीच्या वाटेवर पावसाळी हवेनं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, ढिलं पडतं तेव्हा बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून वादी, म्हणजे चामड्याची दोरी, ताणायची. शाईवर, म्हणजे उजव्या तोंडावरच्या काळ्या लेपावर, पाणी पडू द्यायचं नाही, उन्हाळी वाळवण घालावं तसं पखवाज उन्हातही ठेवायचा नाही. शाई फुटते.

सांगोला

घोंगडी. नवी ताठ असते कारण चिंचोक्याची खळ असते, वापरात मऊ होते. थंड पाण्यात रिठ्यानं धुवायची, पिळायची नाही, सावलीत पसरायची. गरम पाणी आणि सोडा घातला की लोकर आटते, तिचं तेल जातं आणि मग पहिल्याच सरीला पाणी आत येतं. पावसात खोळ करताना टोकाची घडी डोक्यावर, पाणी पाठीवरून ओघळलं पाहिजे. ठेवताना कडुनिंबाचा पाला, नाहीतर कसर लागते.

अक्कलकोट, पुन्हा

पाला पूर्ण वाळलेला हवा, हे राहिलं. ओला घातला तर बुरशी येते.

मंगळवेढा

वारीची शिदोरीही लिहा कुणीतरी. कडक भाकरी पातळ थापून, भाजून, वाऱ्यावर पूर्ण वाळवलेली असेल तर महिनाभर राहते. तुकडा मोडून बघायचा, कटकन आवाज आला पाहिजे. गरम असतानाच डब्यात कोंबली तर तिसऱ्या दिवशी वास. शेंगाचटणीत लसूण धुऊन घातलेला नको, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची.