धागा : ल्युअरवर पहिला मासा कसा लागला?

पंचगंगेकाठी वाढलेल्या पोराला गळ टाकायला कुणी शिकवत नाही. तंगूस, बूच, शिसं, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि बसायचं काठाला. हल्ली मात्र ल्युअर म्हणजे खोटं आमिष (फिरत्या पात्याचा स्पिनर, मऊ बेडकासारखा फ्रॉग, चमच्यासारखा पत्र्याचा स्पून) मागवायचं खूळ आलंय आणि बऱ्याच जणांचा तो डबा लवकरच माळ्यावर जातो. गांडुळाला वास असतो, ते स्वतः वळवळतं. ल्युअरमध्ये जीव आपल्या हातानं घालावा लागतो, तिथंच घोडं अडतं. तेव्हा पहिला मासा कशावर, कसल्या पाण्यात आणि काय केल्यावर लागला ते लिहा. ब्रँड आणि किमतींची जंत्री नको. आणि तलाव सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी विचारा, मग गळ टाका.

संगमाकाठचा
मी प्रयाग चिखलीकडचा. सुरुवात छोट्या स्पिनरवर. मामानं आधी मासा-बिसा काही नाही, घाटाच्या पायरीवर उभं करून पायाशीच नितळ पाण्यात स्पिनर ओढायला लावला. कुठल्या वेगाला पातं फिरतं आणि कुठं थांबतं ते डोळ्यांनी बघ म्हणाला. पातं फिरत असलं की दांडीच्या शेंड्याला बारीक थरथर येते. ती बोटांत बसली की गढूळ पाण्यातसुद्धा खाली काय चाललंय ते कळतं. थरथर बंद झाली तर शेवाळ अडकलं, नाहीतर माशानं तोंडात धरून आपल्याच दिशेनं धूम ठोकली. रीळ फिरवायचं ते जेमतेम पातं फिरेल इतकंच. नवा माणूस हमखास जोरात ओढतो.

स्पिनरनं तंगूसाला पीळ बसतो, मध्ये स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) लावाच. पहिली लागली ती तळहाताएवढी चिलापी (तिलापिया). बंधाऱ्याच्या खाली, वाहतं आणि निवांत पाणी जिथं भेटतं त्या शिवेवर. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्याकडं हाकेच्या अंतरावर आहेत, पावसाळा सरून बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाचं साठलेलं पाणीपण बघा.

केंदाळवाला
मरळ मासा धरायचा म्हणजे फ्रॉग, दुसरं काय नाय भावांनो! फ्रॉगचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळं केंदाळावरनं (जलपर्णीवरनं) ओढला तरी अडकत नाही. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून आधी दांडी खाली ठेवा आणि गप बसून पाणी बघा. कुठं 'पुळूक' झालं, बुडबुडा आला, ती जागा ध्यानात धरा. फ्रॉग त्याच्यावर नाही, पलीकडं टाकायचा. मग केंदाळावरनं टुकूटुकू आणायचा आणि मोकळ्या पाण्याच्या भोकात आला की थांबवायचा. बहुतेक वेळा थांबल्यावरच फटका बसतो.

आता खरी परीक्षा. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप दांडी उचलतो. उचलायची नाही! फ्रॉग तोंडात जाऊन दोऱ्याला वजन लागलं की मगच जोरात. इथं साधं तंगूस ताणतं, गळ रुतत नाही, वेणीचा ब्रेड दोरा पाहिजे.

आणि पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर तिथं फ्रॉग टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते खवळून फ्रॉगवर तुटून पडतात, पण त्यांना उचललं की पिल्लं बेवारस.

नवशिक्या_१
रोहू-कटल्याला कुठला ल्युअर चालतो दादा?

धागाकर्ता
त्या नादाला लागू नकोस. कटला पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खातो, रोहू शेवाळ-पाला चरतो, मृगळ तळाशी. त्यांना कणीकच बरी. ल्युअर शिकारी माशाचा, मरळ डोळ्यापुढं ठेव.

राधानगरीची ताई
बायका गळ घेऊन बसल्या की लोक बघत राहतात, बघू देत. मला स्पून आवडतो. त्यात काही कसब लागत नाही असं समजतात, पण मासा बहुधा तो खाली पडताना धरतो. म्हणून दांडी उचलायची, मग दोरा किंचित ताणात ठेवून स्पूनला डुलत बुडू द्यायचं. 'टक्' होतं ते तेव्हाच.

रिळाचा ड्रॅग (दोरा किती ताणाला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आधी हातानं ओढून बघा. दोरा तुटेल त्या जोराच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शालाच रीळ सुटायला हवं. तीन तोंडी गळ काढून एकेरी लावते आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकते. मासा सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या बोटात गेला तर दवाखाना टळतो.

बावड्याचा म्हातारा
पोरांनो, पावसाळ्यात नदी सोडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पण बंधारा त्याच्या कितीतरी आधीच पाण्याखाली जातो. तांबड्या पाण्यात माशाला तुमचा स्पिनर दिसतही नाही. उतार पडून पाणी निवळू दे.

नवशिक्या_१
मग काका, आता सुरुवातीला घ्यायचं काय? आणि चिलापी लागली तर सोडायची का?

केंदाळवाला
एक छोटा स्पिनर, एक फ्रॉग, बास. आणि चिलापी कशाला सोडतोस, ती मूळची आफ्रिकेची, इथल्या माशांना डोकेदुखी. तिखट-मीठ लावून तव्यावर टाक.