हरभऱ्याइतकंच पाण्याकडे बघा
घोड्याचा हरभरा बंद केला की त्याचा पोटशूळ (पोटाची कळ) थांबतो, असं इथे एकाने लिहिलंय, ते अर्धंच पटलं. एका वेळची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, २ किलोच्या आत हवी, मान्य. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, त्यात त्याला ओकताही येत नाही. पण आमच्या ग्वाल्हेरला, लष्कर भागात, घोडीला पोटशूळ झाला तो ऐन जानेवारीत, चंदी नेहमीचीच असताना. लीद सुकी, गोळे बारीक. हौदाचं पाणी इतकं गार की ती नुसतं तोंड लावून मागे सरायची. वाळका चारा खायचा आणि पाणी नाही, मग आतड्यात तुंबणारच की! ४०० किलोच्या जनावराला दिवसाला २०-२५ लिटर तरी लागतं.

तेव्हापासून थंडीत दोन्ही वेळा कोमट पाण्याची बादली, चंदीत थोडं मीठ. घोडीची निगा राखणारा मोतद्दार आधी हसला होता; आता किती बादल्या प्यायली ते तोच भिंतीवर खडूने मांडतो.