हळदीचं पेटंट आपण उडवलं, म्हणून हळद जखमेवर लावायची?

खलबत्ता: बोट कापलं की आमच्याकडे आधी हळदीचा डबा उघडतो. टोकलं तर ठरलेलं उत्तर, 'माशेलकरांनी अमेरिकेत सिद्ध केलंय!' काय सिद्ध केलं? १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. माशेलकर तेव्हा प्रमुख होते त्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने, बत्तीस जुने संदर्भ पुढे केले, त्यात १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं, कारण त्यात नवीन काही नव्हतं. जखम खरंच भरते का, यावर तो निकाल नव्हताच.

माजघर: म्हणजे इतक्या पिढ्या येड्याच होत्या म्हणा! सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे जखमेवरचे उपचार, सांगितलेत. आणि पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा ब्रिटिशांनी स्फॅग्नम शेवाळाच्याच पट्ट्या बांधल्या ना?

खलबत्ता: त्या साठांत शिवणं, शोधन म्हणजे जखम साफ करणं, पट्टी बांधणं सगळं आलं. तुम्ही त्यातला फक्त लेप उचललात. शेवाळसुद्धा निवडून, वाळवून, मलमलीच्या पिशव्यांत भरून जायचं.

तालुका_ड्रेसर: माझा अर्धा वेळ हळद धुण्यात जातो. वर पिवळी खपली, खाली पू, आणि जखम किती खोल ते कळतच नाही. रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं विषारी पिवळं रसायन, घातलेली हळदही पकडली गेलीय, ती उघड्या मांसावर लावणार का? धनुर्वाताचं इंजेक्शन हळदीने चुकत नाही.

रानवाट: हळद सोडा. खुरपं लागलं की आम्ही कंबरमोडीचा पाला चुरगळून रस पिळतो. रक्त थांबतं, डोळ्यांनी बघितलंय.

माजघर: बघा! पूर्वजांचं ज्ञान.

खलबत्ता: माई, कंबरमोडी मूळची मध्य अमेरिकेतली. सुश्रुताने पाहिलीही नसेल.

माजघर: मग तर माझंच खरं. पोथीत नव्हती तरी लोकांनी लावून बघितली, गुण आला म्हणून ठेवली. प्रयोग दुसरा कशाला म्हणतात?

खलबत्ता: ज्यांची चिघळली त्यांचा हिशोब कुणी ठेवला? उंदरांवर बरे निकाल आलेत, मान्य. माणसांवर नीट चाचण्या करा, मी पहिला लावेन.

रानवाट: तोवर आम्ही काय करायचं? दवाखाना गाठायला दुपार होते.

तालुका_ड्रेसर: वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतं. आणि पाला लावलाच असेल तर आल्याआल्या सांगा. लोक आम्ही ओरडू म्हणून लपवतात, मग आम्ही तो हिरवा चोथा चिमट्याने उपसत बसतो.