शाल-नारळ पुरे! लेखक गटात वर्षभर पाहुणे नकोत

तलावपाळीकर
आपला गट ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेच्या वर्गात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो, दहा ते बारा. गेल्या वर्षीच्या बारा बैठकांपैकी सात पाहुण्यांना गेल्या. वही काढून मोजलंय. एक पावसाने बुडाली, एक वर्धापनदिनाची. उरल्या तीन. त्यात अठरा जणांनी आपापलं काय ते वाचायचं.

आणि पाहुण्यांची बैठक कशी जाते? रविवारी लोकलचा मेगाब्लॉक ठरलेला. सव्वादहाला फोन येतो, ‘मुलुंडच्या अलीकडे गाडी उभी आहे.’ पावणेअकराला आगमन. मग परिचय (तो त्यांनीच लिहून पाठवलेला), शाल, नारळ, पुस्तक, फोटो. फोटोत जे राहिले त्यांच्यासाठी परत फोटो. अकरा वाजून दहा मिनिटांनी भाषण सुरू: मी लिहिता कसा झालो. आजीच्या ओव्या, गावचं वाचनालय, पहिलं ‘साभार परत’ आलेलं लिखाण. बाराला शिपाई किल्ल्या वाजवत दारात हजर. आमच्या पिशवीतली कथा पिशवीतच.

नुसतं ऐकायचंच असेल तर ठाण्यात काय कमी आहे? जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमाला असते, गप्पा-भाषणांचा अत्रे कट्टा आहे, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. गट काढला तो लिहिलेलं एकमेकांना दाखवायला. म्हणून सूचना: पुढचं वर्षभर एकही पाहुणा नको. वर्गणीतून मानधनाची पाकिटं भरणंही बंद. बोला.

शाईची बाटली
काका, मोजदाद बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. त्या सातांमध्ये जूनचे मुद्रितशोधक (प्रूफरीडर) गृहस्थ धरलेत ना? त्यांनी ना ओव्या सांगितल्या ना शाल घेतली. फळ्यावर ‘कवी’ लिहिले आणि शेजारी ‘कविवर्य’. पहिल्यात वी दीर्घ, दुसऱ्यात वि ह्रस्व. का ते सांगा म्हणाले. वर्गात शांतता. मी तीस वर्षे लिहिते आहे आणि मलाही सांगता आले नाही. मग त्यांनी उलगडून दाखवले: तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द एकटा असेल तर शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, समासात पुढे दुसरा शब्द आला की मूळचा ह्रस्व परत येतो. म्हणून गुरू, पण गुरुदक्षिणा. विद्यार्थी, पण विद्यार्थिगृह. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, एवढेच आहे म्हणाले, एका चहात वाचून होते. आम्ही आयुष्यभर चहा पीत आलो, नियम राहिले.

हे आपण अठरा जण एकमेकांना कधी शिकवणार होतो?

विटावामार्गे
ताई, मुद्रितशोधकाला माझा नमस्कार. पण गेल्या वर्षी गटात सगळ्यात मोठी चूक कुणी पकडली ते आठवा.

ऑगस्टमध्ये एका सभासद बाईंनी कथा वाचली. काळ १९९८. नायिका नोकरीच्या पहिल्या दिवशी ठाण्याहून लोकल पकडून वाशीला जाते, खिडकीतून खाडी बघते, रडू आवरते. सगळे म्हणाले हृदयस्पर्शी. मी म्हटलं, बाई, ठाणे–वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली. तुमची नायिका सहा वर्षं फलाटावरच उभी आहे. तेव्हा आम्ही बसने जायचो, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की संपलंच, पलीकडे जाणारा पलीकडे, अलीकडचा अलीकडे.

बाई पुढच्या बैठकीला नवा मसुदा घेऊन आल्या. लोकल गेली, बस आली, पुलाखालचं पाणी आलं. नायिकेचा पहिलाच दिवस आणि ती गुडघाभर पाण्यात चपला हातात घेऊन उभी. आता रडू आवरावं लागत नाही, त्या चपलाच पुरतात. कुठला पाहुणा करणार होता हे? पाहुणा दादरचा, त्याला विटावा नकाशावर दाखवायला लागतो.

घोडबंदरवरून
मला वाटतं भाषण आणि कार्यशाळा यांची गल्लत होतेय. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखन कार्यशाळा चालते. तिथली पद्धत जगभर गेली, ती अशी: लिखाण आधीच सगळ्यांना वाचायला द्यायचं, बैठकीत बाकीच्यांनी बोलायचं, लेखकाने गप्प बसायचं. आपल्याकडे उलटं. लेखक मोठ्याने वाचतो, मग ‘मला इथे असं म्हणायचं होतं’ हे वीस मिनिटं समजावतो. अहो, ते कागदावर लिहा ना.

मी मागे कुठेतरी तीन तासांची सशुल्क ‘कथालेखन कार्यशाळा’ केली. अडीच हजार रुपये. लिहायला मिळाली मोजून बारा मिनिटं, आणि प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलेलं. तसलं काही नको. पण पद्धत शिकवणारं कुणी एकदा आणायला काय हरकत आहे?

विटावामार्गे
गप्प बसायला शिकवणारा पाहुणा अडीच हजारात महाग नाही. आपल्या गटासाठी तर स्वस्तच.

ऐरोलीची जयंती नव्हे
मी दोन्ही बाजूंनी पोळलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१७ मध्ये आमच्या तेव्हाच्या दुसऱ्या एका गटात एक प्रकाशक पाहुणे म्हणून आले. ‘नवोदितांना संधी’ हा विषय. भाषण संपल्यावर प्रत्येकाच्या हातात दरपत्रक. मी भुलले. छपाईचे पैसे मी भरले, वर ‘आयएसबीएन शुल्क’, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे म्हणून, दोन हजार वेगळे. तो क्रमांक भारतात सरकारकडून फुकट मिळतो हे मला नंतर कळलं. करारात एक ओळ: सर्व हक्क प्रकाशकाकडे. पुस्तकाच्या प्रती माझ्याच पलंगाखाली.

मग गेल्या वर्षी आपल्याकडे वकीलबाई आल्या होत्या, सातांपैकीच एक. त्यांनी सगळ्यांना आपापले करार आणायला सांगितलं. माझा त्यांनी दोन मिनिटं वाचला आणि हसल्या. १९५७ च्या स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायद्याचं कलम १९ त्यांनी दाखवलं: हक्क दिल्याच्या लेखी करारात मुदत घातलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतंच. माझ्या करारात मुदत नव्हती. म्हणजे २०२२ ला हक्क माझ्याकडे परत आले होते आणि मी अजून त्या माणसाला ‘सर, परवानगी मिळेल का’ असे निरोप पाठवत होते!

तर पाहुण्यानेच बुडवलं आणि पाहुणीनेच वर काढलं. काका, तुमचा ठराव गेल्या वर्षी झाला असता तर मी अजून परवानगीच मागत बसले असते.

तलावपाळीकर
वकीलबाई आणि मुद्रितशोधक, दोघांना मी मुद्दामच मोजलं होतं. वगळलं असतं तर मतलबी म्हणाला असता. ते दोन मान्य. बाकीचे पाच? त्यातल्या एकाने तरी आपल्यापैकी कुणाची एक ओळ वाचली होती? एक साहेब तर निघताना मलाच विचारून गेले, ‘तुमचा हा भजनी गट आहे का?’

मना काय ठाव
मी गटात नवीन, जरा भीतभीतच लिहितोय. मागे एका कथेत ऐरोलीच्या आगरी आजी होत्या. आजी म्हणतात, ‘मला त्याविषयी काहीच ठाऊक नाही बाळा.’ आमच्या घरात कुणी असं बोललं तर तिला ताप आलाय का बघतील. ‘मना काय ठाव नाय’, एवढंच. पाण्याला पानी, ‘मला’ला ‘मना’. मी हे बोललो तर वर्गात दोघे म्हणाले, प्रमाणभाषेत असू दे, वाचकाला कळायला हवं.

त्यामुळे विटावामार्गे काकांचं पटतं पण अर्धंच. गटाला ठाण्याची बस माहीत, कारण गटात बसने जाणारे आहेत. गटात आगरी घरातला मी एकटा. माझी आत्या बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळी विकते, पुस्तक एकही नाही तिच्या नावावर. तिला बोलवाल का? शाल नको, ती घामाघूम होईल.

शाईची बाटली
आत्याबाईंना बोलवाच. आणि प्रमाणभाषेवाल्या त्या दोघांपैकी एक मी होते. निवेदन प्रमाणभाषेत असावे, हे मी अजूनही म्हणेन. आजीच्या तोंडचे वाक्य मात्र आजीचेच हवे होते. चुकले.

घोडबंदरवरून
मग ठराव बदला. पाहुणा यायचा तर आपल्या दोघांचं तरी लिखाण आठवडाभर आधी वाचून यायचा. त्यांना मानधन जरूर द्या, वाचायला वेळ लागतो. परिचय दोन वाक्यं. सत्कार नाही. वर्षात तीनच.

तलावपाळीकर
दोन.

ऐरोलीची जयंती नव्हे
तीन, आणि त्यात एक मे महिन्यात दिवाळी अंकाचे संपादक. आपण सगळे सप्टेंबरात कथा पाठवतो, तेव्हा अंक जुळणीला गेलेले असतात. कधी पाठवायचं, किती शब्द, एवढं त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं तरी ‘साभार परत’ निम्मी होतील.

तलावपाळीकर
मला अजून पटलेलं नाही. तीन झाले की चौथा ‘फक्त अर्धा तास’ म्हणून येतो, हे मी तीन गटांत पाहिलंय. पण आत्याबाई येणार असतील तर त्या पाहुण्यांत मोजणार नाही.

मना काय ठाव
आत्याला विचारलं. ती म्हणते रविवार धंद्याचा, दहाला जमनार नाय, तुमीच सकाली साडेसातला बाजारात या. पावसाळी चपला घालून.

विटावामार्गे
मी येतो. सहा वाजता ठाणे स्टेशनला भेटा, वाशी-पनवेलच्या फलाटावर. ऑगस्टच्या कथेवाल्या बाईंनाही घ्या, आता खरंच लोकल आहे.